आबांचा ‘ब’ कुठे गेला? ठळक अक्षर टॉवेलवर उतरतं तेव्हा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मागे जो खडखडाट ऐकू येतोय ना, तो तुमच्या इयरफोनचा दोष नाही. मी आत्ता सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसले आहे, एका टॉवेलच्या कारखान्यातल्या डिझाइनच्या खोलीत. दार लावलंय, खिडकी लावलीय, पण मागांचा आवाज भिंतीतून येतोच. मी इथेच काम करते. टॉवेलवर जी फुलं, पट्टे, हॉटेलांची नावं विणलेली असतात, ती मागाला समजतील अशी करून देणं हे माझं काम.

आजचा विषय एक फॉन्ट आहे. नाव रोझा वन. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण अक्षर शंभर टक्के पाहिलेलं असणार. लग्नपत्रिका, यूट्यूबचे थंबनेल, हॉटेलचं मेनूकार्ड, जयंतीची पोस्ट. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या त्यात आहेत. जाड तिथे एकदम जाड, पैलवानासारखं; आणि बारीक तिथे केसासारखं बारीक. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये तो बाहेर काढला, टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी केलेला आहे. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. नावातलं ‘वन’ म्हणजे एकच वजन. यात लाइट नाही, मिडियम नाही. जे आहे ते हेच, घ्यायचं तर घ्या.

अशा अक्षराला डिस्प्ले टाइप म्हणतात. म्हणजे परिच्छेद लिहायला नाही, मोठ्याने एक-दोन शब्द बोलायला. हाक मारायला, म्हणा ना. आता हाक मारायचा आवाज आणि गप्पा मारायचा आवाज वेगळा असतो. कोणी दोन तास हाक मारल्याच्या आवाजात बोलायला लागलं तर आपण उठून जाऊ. म्हणून रोझा वनमध्ये अख्खी पोस्ट लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावं.

थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीत पार्मा शहरात बोदोनी, आणि पॅरिसमध्ये दिदो घराणं, हे लोक अक्षरांत जाड आणि बारीक रेषेतला फरक ताणत ताणत टोकाला घेऊन गेले. उभी रेघ जाड, आडवी एकदम नाजूक, आणि रेघेच्या टोकाला जी छोटी आडवी पट्टी असते, म्हणजे सेरिफ, ती तर सुईसारखी. हे त्यांच्या आधी कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. पण त्या काळात कागद जास्त गुळगुळीत व्हायला लागला, छपाई सुधारली, म्हणून तेवढी बारीक रेषा कागदावर टिकायला लागली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बारीक रेषा आधी कागदाला परवानगी विचारते.

मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींचा बाजार तापला. लॉटरीची पोस्टरं, नाटकांची पोस्टरं, भिंतीवर एकाशेजारी एक. ज्याचं अक्षर काळं, त्याच्याकडे लोक बघणार. मग तिथल्या रॉबर्ट थॉर्नसारख्या टाइप ओतणाऱ्या लोकांनी बोदोनीच्या धर्तीची अक्षरं घेतली आणि जाड रेघ फुगवत नेली. बारीक रेघ तशीच बारीक ठेवली. त्याला नावच पडलं फॅट फेस, म्हणजे जाड्या. रोझा वनचा रोमन भाग या जाड्याच्याच घराण्यातला.

देवनागरीत खरं तर सेरिफ नसतो. आपल्या अक्षरात जाड-बारीक येतं ते बोरूमुळे. बोरूचं टोक तिरकं कापतात, आणि रोमनच्या लेखणीपेक्षा उलट्या बाजूने कापतात. त्यामुळे आपल्याकडे जाडपणा वेगळ्या ठिकाणी येतो. एका बाजूला वळलात की भरदार पट्टा, दुसऱ्या बाजूला वळलात की नुसती धार. मराठी छपाईत ही बोरूची चाल शिशाच्या टाइपात नीट उतरवली ती मुंबईच्या निर्णयसागरने. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये तो छापखाना काढला, आणि त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरांचे साचे कोरले. पोलादावर, उलटं, हाताने. आपण इथे एक ‘झ’ नीट आला नाही तर कंट्रोल-झेड दाबतो.

तर रोझा वनने काय केलं, की बोरूची ती जाड-बारीक चाल घेतली आणि फॅट फेसच्या आवाजात बोलायला लावली. मला तो फॉन्ट मनापासून आवडतो. आणि त्याच्यामुळेच, म्हणजे माझ्यामुळेच, ऐका.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक लहान ऑर्डर आली. दीडशे टॉवेल. घरातल्या आजोबांची पंच्याहत्तरी होती, आलेल्या प्रत्येकाला आहेर म्हणून एक टॉवेल द्यायचा. आपल्याकडे टॉवेल-टोपीचा आहेर असतोच, पण नातवाला वाटलं की नाव विणलेलं असावं. मजकूर दोनच शब्द: ‘आबांची पंच्याहत्तरी’. नातवाने व्हॉट्सअॅपवर लिहिलं, “ताई, अक्षर जरा भारदस्त पाहिजे.” मी खूष. हॉटेलचे लोगो करून करून कंटाळले होते. रोझा वन उघडला, टाइप केलं, स्क्रीनवर असं काही दिसलं की मी स्वतःच फोटो काढून ठेवला. शब्द जरा लांब होत होते, टॉवेलच्या पन्ह्यात बसेनात, म्हणून आडवं दाबून ८५ टक्के केलं. हो, मला माहितीये. फॉन्ट आडवा दाबायचा नसतो. तेव्हाही माहिती होतं.

आता टॉवेल कसा विणतात ते दोन मिनिटांत सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या कापडाला एक ताणा आणि एक बाणा. टॉवेलला ताणे दोन असतात. एक घट्ट ओढलेला, त्याने कापड धरलं जातं. दुसरा सैल सोडलेला. बाण्याचे दोन धागे थोडे मागे थांबतात, तिसरा आला की फणी तिघांना एकदम पुढे ठोकते, आणि सैल ताणा मधल्या मध्ये उभा राहतो. तो झाला लूप. टॉवेल अंगाला मऊ लागतो, पाणी पितो, ते या लूपमुळे. मग दोन रंगांचा सैल ताणा लावायचा, समजा पांढरा आणि निळा. जिथे अक्षर पाहिजे तिथे निळा लूप वर, पांढरा खाली. बाकी ठिकाणी उलटं. म्हणून असा टॉवेल पलटून बघितलात तर मागे तेच नाव दिसतं, आरशातल्यासारखं, रंगांची अदलाबदल होऊन. घरी जाऊन बघा.

कुठला धागा कधी वर उचलायचा हे जॅकार्ड ठरवतं. फ्रान्समधल्या लिऑनच्या जॅकार्डने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं हे यंत्र केलं. भोक आहे, धागा वर. नाही, धागा खाली. सोलापुरातही जुने मास्तर ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवत डिझाइन करायचे आणि त्यावरून पुठ्ठे पंच व्हायचे. आता पुठ्ठ्याच्या जागी फाइल आली. पण चौकोन तेच राहिले.

आणि चौकोन किती? आमच्या त्या टॉवेलला इंचाला बाण्याचे ४२ धागे. तीन धाग्यांना लूपची एक ओळ, म्हणजे इंचाला १४ ओळी. माझ्या अक्षराची उंची, वरच्या-खालच्या मात्रा सोडून, दोन इंच. म्हणजे २८ ओळी. अख्खा ‘आ’, अख्खा ‘ब’, अठ्ठावीस ठिपक्यांच्या उंचीत. तुमच्या मोबाइलवर वरच्या पट्टीतलं बॅटरीचं चित्रसुद्धा यापेक्षा जास्त ठिपक्यांचं असतं.

जाड रेघांना काही प्रश्न नव्हता, चार-पाच ठिपके आरामात. बारीक रेघेच्या वाट्याला एक ठिपका, आणि तोही धड नाही. त्यात ती रेघ तिरकी असेल तर ठिपके एकमेकांना फक्त कोपऱ्याने चिकटतात. आणि लूप म्हणजे काही स्क्रीनचा पिक्सेल नाही हो, तो धागा आहे. शेजारच्याच्या अंगावर झोपतो. एकट्या निळ्या लूपच्या दोन्ही बाजूंनी पांढरे झोपले की निळा गेला.

आता ‘ब’ डोळ्यांपुढे आणा. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक काय? पोटातली एक तिरकी रेघ. बस. आणि बोरूच्या चालीत ती रेघ बारीक येते. रोझा वनच्या प्रकृतीत आणखी बारीक. मी दाबल्यावर त्याहून बारीक.

मागावरून आलं: ‘आवांची पंच्याहत्तरी’.

वाईट काय झालं सांगू? कोणाला दिसलं नाही. पहिला नग मी बघितला, मला ‘आबांची’च दिसलं. मास्तरांनी बघितला, मालकांनी बघितला, सगळ्यांना ‘आबांची’. कारण काय लिहिलंय ते आम्हाला आधीच माहीत होतं. डोळा वाचत नाही अशा वेळी, नुसता होकार देतो. आणि नातवाला मी फोटो पाठवला तो टॉवेलचा नाही, स्क्रीनवरच्या डिझाइनचा. ही सगळ्यात मोठी चूक. तो म्हणाला, “एक नंबर ताई, चालू करा.”

साठ टॉवेल विणून, शिवून पॅकिंगला गेले. आमच्या पॅकिंगमध्ये एक मावशी आहेत. घरी तेलुगू, शाळाही तेलुगू माध्यमाची. सोलापूरच्या पूर्व भागात हे नवीन नाही, विणकरांची निम्मी वस्ती तशी. मराठी त्या फाडफाड बोलतात, पण वाचतात सावकाश, एकेक अक्षर लावून. त्या घडी घालता घालता म्हणाल्या, “मॅडम, हे आवा म्हणजे कोण हो?”

मी हसले. मग टॉवेल हातात घेतला आणि हसू थांबलं.

मास्तरांकडे गेले. त्यांनी टॉवेल उजेडाकडे धरला, अंगठ्याने लूप बाजूला केले, आतमध्ये कुठेतरी तो निळा लूप दिसला, जिवंत होता बिचारा. म्हणाले, “काय करायलीस पोरी? कागदावरचं अक्षर घेऊन आलीस की हितं.” ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

कार्यक्रम चार दिवसांवर. साठ टॉवेल बाद करायचे तर सूत गेलं, वेळ गेला. नातवाला फोन केला, खरं सांगितलं. तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, “ताई, आबांना आम्ही सोडून दुसरं कोणी आबा म्हणत नाही. बाहेर सगळे साहेब म्हणतात. म्हणून तर ते नाव टाकलं होतं.” मला ते ऐकून काय वाटलं ते मी इथे सांगत बसत नाही.

तोड मावशींनीच काढली. निळं सूत घेतलं, सुई घेतली, आणि ‘ब’च्या पोटात दोन तिरके टाके घातले. लांबून बघितलं तर लख्ख ‘आबांची’. एका टॉवेलला एकच ‘ब’, म्हणून शक्य झालं. मावशी आणि त्यांच्या दोन जोडीदारणींनी एका दुपारी साठ ‘ब’ शिवले. मी पण बसले होते, माझे चार होईपर्यंत त्यांचे वीस झाले.

उरलेल्या नव्वदांसाठी मी फाइल परत उघडली. आधी दाबलेलं अक्षर मोकळं केलं, आणि टॉवेलवर मजकूर एकाऐवजी दोन ओळींत घेतला. मग अक्षरं मोठी करता आली. मग ‘ब’ची तिरकी रेघ एका ठिपक्याची होती ती तीन ठिपक्यांची केली, आणि रेघेला जागा व्हावी म्हणून पोट थोडं फुगवलं. ‘पं’वरचा अनुस्वार, ‘च्या’तला जोड, सगळीकडे तसंच. स्क्रीनवर ते आता काही सुंदर दिसेना. अंगावर सूज आल्यासारखं दिसत होतं. पण मागावरून आलं तेव्हा भारदस्त. हे करायला परवानगी लागते का? रोझा वनला नाही. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे: व्यवसायात वापरा, अक्षरांत बदल करा, चालतं. नुसता फॉन्ट उचलून विकायचा नाही, एवढंच. प्रत्येक फॉन्टचं असं नसतं हं. पेनड्राइव्हवर मित्राने दिलेला फॉन्ट क्लायंटच्या कामाला वापरत असाल तर एकदा त्याचा परवाना वाचा.

त्यानंतर मी जरा वेड्यासारखी अक्षरं बघायला लागले. घरातली जुनी सोलापुरी चादर काढली. चादरीत लूप नसतात, पण जॅकार्डच. कडेला कंपनीचं नाव विणलेलं असतं, तुम्हीही पाहिलं असेल. त्या अक्षरांना मी लहानपणापासून ओबडधोबड समजत होते. पायऱ्या पायऱ्यांची, सगळीकडे एकाच जाडीची. आता वाटतं, ज्याने ती काढली त्याला सूत माहीत होतं. वीस वर्षं धुऊन, वाळवून, अंगणात अंथरून नाव वाचता येतंय.

कमल शेडगे आठवतात का? २०२० मध्ये गेले. मराठी नाटकांची नावं त्यांनी अक्षरांत काढली, एकेका नाटकाला एकेक चेहरा. ती नावं कुठे छापली जायची? वर्तमानपत्रात, इवल्याशा जाहिरातीत, शाई शोषणाऱ्या कागदावर, दहा नाटकांच्या गर्दीत. ते अक्षर हाताने काढायचे, त्या एका नावासाठी, त्यामुळे कुठली रेघ किती जाड हा निर्णय दर वेळी नव्याने व्हायचा. फॉन्टमध्ये तो निर्णय कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो, मोठ्या पोस्टरचा विचार करून. आपण तो टॉवेलवर नेतो, आणि दोष फॉन्टला देतो.

जाड सेरिफ अक्षरं टॉवेलवर चालतच नाहीत असंही नाही. अमेरिकेत ऑझवल्ड कूपरने केलेलं कूपर ब्लॅक आहे, १९२२ च्या सुमाराचं. तेही सेरिफवालं आणि प्रचंड जाड, पण त्याचे सगळे कोपरे गोल, बारीक रेघ कुठेच फार बारीक नाही. लोण्यातून कापल्यासारखं. टी-शर्टवर ते इतकं का चालतं ते मला मागावर बसून कळलं. कडा थोड्या पुसल्या तरी त्याचं काही बिघडत नाही, ते आधीच पुसलेलं आहे. आणि टॉवेलच्या टोकाला जी सपाट पट्टी असते ना, बिनलूपची, तिथे रोझा वनसुद्धा बऱ्यापैकी बसतो. लूप नाहीत, म्हणजे कोणी कोणाच्या अंगावर झोपत नाही. हल्ली मी ग्राहकाला तेच सुचवते.

गंमत म्हणजे टॉवेल ज्या खोक्यात जातो त्या खोक्यावर उलटा प्रकार. पुठ्ठ्यावर रबरासारख्या प्लेटने छापतात, शाई दाबली जाऊन पसरते. तिथे बारीक रेघ जाड होते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून येते. ‘ध’ची गाठ बुजते, ‘भ’चा डोळा मिटतो. म्हणजे एकच नाव, एकच फॉन्ट. टॉवेलवर तो उपाशी आणि खोक्यावर सुजलेला.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे टॉवेल विणतो. पण तुम्ही थंबनेल करता, स्टेटस करता. मोठ्या स्क्रीनवर केलेलं डिझाइन समोरच्याला दिसतं बोटाच्या नखाएवढं, तेही व्हॉट्सअॅपने दाबून पाठवलेलं. तोच खेळ. मी करते ती चाचणी सांगते. फॉन्टमध्ये टाइप करा: ‘आबा, भाषा, घर, धन, दुसऱ्या’. ब-व, भ-म, घ-ध, आणि तो ‘ऱ्या’चा अर्धा र. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का तेही बघून घ्या, बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात. मग चित्र लहान करा, इतकं की उंची अठ्ठावीस ठिपके उरेल, आणि परत मोठं करून बघा. आणि मजकूर माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. शक्यतो सावकाश वाचणाऱ्या माणसाला.

हो, पंच्याहत्तरी छान झाली. नातवाने फोटो पाठवला, आबा खांद्यावर टॉवेल टाकून बसलेत. मी फोटो मोठा करून करून बघितला. टाक्यांचा आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, दोन्ही पुढे ठेवले होते, त्यांनी हात फिरवून हा उचलला, कारण याच्यात काहीतरी हाताला लागतं म्हणाले.

आत्ता माझ्यासमोर एका पतसंस्थेची ऑर्डर आहे. मजकुरात ‘द्वितीय वर्धापन दिन’ आहे. म्हणजे ‘द्व’ आहे, ‘र्धा’ आहे, आणि साहेबांना अक्षर भारदस्तच पाहिजे. मास्तर दारात उभे आहेत, हातात पहिला नग आहे. थांबा, बघून येते.